काँक्रीटला साठी गाठू द्या

दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं 'हॉल ऑफ नेशन्स' २०१७च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत पाडलं. साठ वर्षं पूर्ण न झालेल्या इमारतीचा वारसा म्हणून विचार करता येत नाही, असं तिथल्या वारसा संवर्धन समितीचं म्हणणं होतं. ही इमारत पंचेचाळीस वर्षांची होती. १९७२च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, वास्तुकार राज रेवाल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज यांनी ती उभी केली होती. तिचा सांगाडा म्हणजे त्रिकोणांची जाळीदार चौकट; अशी चौकट एरवी पोलादी नळ्यांची करतात. आपल्याकडे तेव्हा पोलाद महाग आणि दुर्मिळ, म्हणून या दोघांनी ती जागेवर ओतलेल्या काँक्रीटची केली. एकेक सांधा कारागिरांच्या हातून झाला होता. आज तसं काम करायला घ्यायचं म्हटलं तर मला माणसं सापडणार नाहीत.

मी काँक्रीटच्या इमारतींची दुरुस्ती करते. माझ्या कामाच्या बाजूने पाहिलं तर साठ वर्षांची ही अट उलटी आहे. दगडी इमारत जितकी जुनी तितकी मानाची, हे ठीक. पण काँक्रीटच्या इमारतीला पहिली मोठी दुरुस्ती बहुतेकदा चाळिशी-पन्नाशीतच लागते. नेमकं तेव्हा तिला कुणी वाली नसतो. दुरुस्तीला पैसे मिळत नाहीत, मग स्लॅबचे पोपडे पडतात, मग 'धोकादायक' अशी पाटी लागते. केंद्राच्या पुरातत्त्व कायद्यात तर शंभर वर्षांची अट आहे. तिथवर किती पोहोचतील?

आत काय होतं ते सांगते. चांगलं काँक्रीट क्षारधर्मी असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि हे संरक्षण बाहेरून आत कमी होत जातं. सळईपर्यंत ते संपलं आणि ओल मिळाली की गंज धरतो. गंजलेली सळई फुगते आणि वरचं कव्हर फोडून टाकते. जुन्या कामांत हे कव्हर बेताचंच असे.

मराठवाड्यातल्या एका कॉलेजची सत्तरच्या दशकातली इमारत मी तपासली. खांबाचा कोपरा छन्नीने उडवायचा, धूळ फुंकायची आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं. निरोगी काँक्रीट बघता बघता गडद गुलाबी होतं, बाहेरची किनार मात्र राखाडीच राहते. ही किनार सळईपर्यंत गेली नसेल तर इमारतीत दम आहे. तिथे व्हरांड्याचे काही खांब सोडले तर सगळीकडे आत लख्ख गुलाबी रंग उमटला. त्या उघड्या भिंतींवर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे होते, लाकडाच्या रेषा, एका ठिकाणी तर गाठीचा गोल वळसाही. गिलावा नाही, रंग नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या सुताराने फळी कशी लावली ते बोटाने चाचपता येत होतं. संस्थेने खांबांची दुरुस्ती केली आणि मग इमारत 'मॉडर्न' दिसावी म्हणून सगळीकडे चकचकीत पॅनेल ठोकली. आता आत गळती सुरू झाली तर दिसणारसुद्धा नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

उघड्या काँक्रीटची ही वास्तुकला परकी, आपली नव्हे, असं अजूनही ऐकू येतं. अच्युत कानविंदे मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, मग हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली. ग्रोपिअस म्हणजे १९१९ साली जर्मनीत बाउहाउस ही शाळा काढणारे. हार्वर्डहून परतलेल्या कानविंद्यांनी आयआयटी कानपूर उभारलं. काँक्रीटची उघडी चौकट, मध्ये विटा आणि इमारतींना जोडणारे झाकलेले रस्ते, कारण उत्तरेच्या उन्हात पोरांना चालत वर्गात जायचं होतं. संस्थेचे पहिले संचालक पु. का. केळकर, तेही मराठीच. कानविंद्यांनीच केलेल्या मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीच्या छतावर जे उंच धुराड्यांसारखे चौकोनी स्तंभ दिसतात, ते आतली गरम हवा बाहेर काढण्यासाठी. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही त्यांचंच. तिथे सहलीला गेलेल्या किती मुलांना हे नाव कुणी सांगितलं?

या इमारतींत दोष आहेत. सपाट छप्परं गळतात. छज्जा न काढलेल्या भिंती आपल्या पावसात काळ्या पडतात, आणि युरोपातलं चित्र जसंच्या तसं उचलणाऱ्यांनी इथल्या रहिवाशांना खरोखर त्रास दिला. पण चार्ल्स कोरिया यांची मुंबईतली कांचनजंगा इमारत पाहा. समुद्राचा वारा पश्चिमेचा, तिकडूनच दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा. त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा अठ्ठावीस मजल्यांवर नेला आणि कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या बागा कोरल्या. हे इथल्या हवेचं उत्तर होतं.

म्हणून मागणी साधी आहे. वारशाच्या यादीसाठी वयाची अट काढा, गुण पाहा. १९४७ ते १९९० या काळातल्या सार्वजनिक इमारतींची जिल्हावार नोंद वास्तुकला महाविद्यालयांकडून करून घ्या. पाडण्याचा ठराव करण्याआधी काँक्रीटची तपासणी सक्तीची करा आणि तिचा अहवाल लोकांसमोर ठेवा. मूळ नकाशे आणि सळयांचे तपशील अनेक कार्यालयांच्या रेकॉर्ड रूममध्ये वाळवी खाते आहे. ते आधी स्कॅन करून घ्या, त्याला फारसा खर्च नाही. कानविंदे २००२ साली गेले, कोरिया २०१५ साली, महेंद्र राज २०२२ साली. त्या कामांवरचे सेंटरिंगचे सुतार आणि सुपरवायझर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मिश्रण कसं केलं, फळ्या कुठल्या लाकडाच्या घेतल्या, हे त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्यायला हवं. दुरुस्तीला बसताना मला नेमकी तीच माहिती लागते.