मानेला पट्टा नको, व्यायाम हवा

मान दुखू लागली की बहुतेक घरांत पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी बाम, मग शेक, मग मेडिकलमधून आणलेली गोळी आणि तरीही दुखणं हटलं नाही तर एमआरआय. अहवाल हाती आला की घरात एकच वाक्य फिरतं: ‘मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय.’ त्या दिवसापासून गळ्यात पट्टा येतो आणि माणूस मान वळवायलाही घाबरू लागतो. खरं नुकसान तिथून सुरू होतं.

जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली चकती थोडीफार बाहेर आलेली दिसली. विशीतल्या तरुणांतही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं. वयानुसार केस पिकावेत तसे मणकेही बदलतात, दुखत नसलं तरी बदलतात. तेवढ्यावरून कुणाला आयुष्यभर जपून राहायला सांगणं हा अन्याय आहे.

मग मान दुखते कशाने? डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, ते सात मणक्यांवर तोललेलं. मान पुढे झुकली की मागच्या स्नायूंना हा भार सतत धरून ठेवावा लागतो. घटकाभर ते निभावतात, तासन् तास नाही. सोलापुरातली विडी कामगार मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून बसते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्याने मध्ये उठणं तिला परवडत नाही. शिवणयंत्रावरचा शिंपी, येवल्यातला पैठणी विणकर, हिंजवडीत लॅपटॉपवर डोळे लावून बसलेला अभियंता यांची कमाई वेगवेगळी, पण मानेवरचा ताण एकाच जातीचा. त्यात अपुरी झोप आणि मनावरचं ओझं मिसळलं की साधं आखडणंही महिनोन् महिने रेंगाळतं. २०२० मध्ये जगभरात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती, असा अंदाज आहे.

सगळं खापर मोबाइलवर फोडणं मात्र बरोबर नाही. मान साठ अंशांत वाकवली की तिच्यावर २७ किलोंचा भार येतो, हा आकडा समाजमाध्यमांवर सतत फिरतो. न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदाने २०१४ मध्ये गणिती प्रतिकृतीवरून तो काढला होता. माणसांची दुखणी मोजून नव्हे. रिओ दि जानेरोत १८ ते २१ वयाच्या दीडशे तरुणांची पाहणी झाली, तेव्हा मोबाइल पाहताना मान वाकवणं आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. वाकण्यापेक्षा वाकून तसंच राहणं जास्त बाधतं, आणि स्नायूंत बळ नसलं तर ते लवकर बाधतं.

काही लक्षणं मात्र व्यायामाची वाट पाहत नाहीत. हाताची पकड सुटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, मानदुखीबरोबर ताप किंवा झपाट्याने घटणारं वजन, अपघातानंतरची वेदना: यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एमआरआयची खरी गरज इथे असते.

उरलेल्या बहुसंख्य रुग्णांना फिजिओथेरपी उपयोगी पडते. पण आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे दहा दिवस शेक आणि करंट, असा समज पक्का झाला आहे आणि काही दवाखान्यांनी तो जोपासला आहे. रुग्ण पालथा पडतो, यंत्र चालू होतं, वीस मिनिटांनी बंद होतं. तात्पुरतं बरं वाटतं, मान मात्र होती तेवढीच दुबळी राहते. चांगला फिजिओथेरपिस्ट आधी विचारतो, पाहतो, मान कुठवर वळते ते तपासतो, गरज असेल तिथे हाताने सांधे मोकळे करतो आणि मग व्यायाम शिकवतो. उताणं झोपून हनुवटी अलगद आत घेत होकार दिल्यासारखी मान हलवायची, हा त्यातला एक. दिसायला किरकोळ, पण गळ्याच्या आतले निजलेले स्नायू त्याने कामाला लागतात.

याला पुरावा आहे. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या १८० कार्यालयीन महिलांवर वर्षभर प्रयोग झाला; निष्कर्ष २००३ मध्ये आले. मानेची ताकद वाढवणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी ७३ टक्के महिलांना मोठा किंवा पूर्ण आराम पडला. फक्त स्ट्रेचिंग आणि एरोबिक व्यायाम सांगितलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. डेन्मार्कमध्ये २०११ साली तर रबरी पट्टी ओढण्याचा रोज दोन मिनिटांचा व्यायामही, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे केल्यावर दुखणं कमी करताना दिसला. दोन मिनिटं विडी कामगारालाही काढता येतील, पण तिला ते शिकवणार कोण?

ती पोकळी मग सलूनमधली चंपी भरून काढते. मानेला झटका देऊन ‘कडकड’ आवाज काढणं थांबलंच पाहिजे. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांतून जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो.

भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण मुंबईत, केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं, तेही पोलिओच्या साथीनंतर. इतका जुना वारसा असलेल्या राज्यात गावातल्या रुग्णाला फिजिओथेरपिस्टसाठी शहर गाठावं लागू नये. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हे पद भरलेलं असावं आणि विडी कामगारांसाठीच्या सरकारी दवाखान्यांतही ते निर्माण व्हावं. दुसरी मागणी विमा कंपन्यांकडे. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या फिजिओथेरपीचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. शस्त्रक्रियेचा मात्र देतात. हा नियम बदलायला हवा.