मुलाला कर्ज आणि मुलीला अपरिग्रह



मागच्या चतुर्दशीला स्वाध्याय संपल्यावर मंदिराच्या ओवरीत आपल्यातल्याच चौघीजणी माझ्या पुतण्याच्या लेकीचं कौतुक करत होत्या. तिला घराजवळच्या एका खासगी विद्यापीठात एम.एस्सी.साठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली आहे. एक म्हणाली, "पोरीनं बापाचा खर्च वाचवला बघा." दुसरी म्हणाली, "हाच खरा अपरिग्रह." मंदिरात वाद नको म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता घरी बसून लिहिते आहे, तर बोलते.

पोरीला तिथं जायचंच नाही. तिनं प्रवेश परीक्षा देऊन पुण्यात, तिला हव्या त्या विद्यापीठात, संख्याशास्त्राला जागा मिळवली आहे. तिथं शिष्यवृत्ती नाही. दोन वर्षांची फी, वसतिगृह, मेस असं सगळं धरून सात लाख लागतील. घरी त्याचा निर्णय किती वेळात झाला? चहा उकळेपर्यंत. फुकट मिळतंय ते घ्यायचं, विषय संपला.

पाच वर्षांपूर्वी हिच्याच थोरल्या भावाला एम.बी.ए.साठी अशीच शिष्यवृत्ती मिळाली होती. त्याला दुसरी संस्था हवी होती. तेव्हा घरात पंधरा दिवस खल चालला. मामा आले, ओळखीच्या सी.ए.ना विचारलं, दोन बँकांत चकरा झाल्या आणि शेवटी प्लॉट गहाण टाकून अठरा लाखांचं कर्ज काढलं. त्या पंधरा दिवसांत अपरिग्रह हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. तेव्हाचे शब्द वेगळे होते. "शिक्षण ही गुंतवणूक आहे." "संस्थेच्या नावाला किंमत असते." आणि शिष्यवृत्तीबद्दल काय, तर "ऐपत असून फुकटात शिकवला म्हणतील लोक."

म्हणजे शिष्यवृत्ती मुलाला मिळाली की कमीपणा आणि मुलीला मिळाली की पुण्य! हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, मला दाखवा. पाठशाळेत आपण सगळ्या शिकलो की परिग्रह वस्तूत नसतो, आसक्तीत असतो. मग नावाच्या आसक्तीपायी प्लॉट गहाण टाकला तो परिग्रह नव्हता का? आणि ज्या मुलीला कुणी विचारलंच नाही, तिचा कसला त्याग? त्याग स्वतःचा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतला तर त्याला दुसरा शब्द आहे, तो मी लिहीत नाही.

आदिनाथ भगवंतांनी ब्राह्मी आणि सुंदरीला जवळ बसवून एकीला लिपी आणि दुसरीला अंक शिकवले, ही गोष्ट आपण नातवंडांना सांगतो. अंकविद्या मुलीच्या हातात दिलेला हा आपला धर्म, आणि आमच्या पोरीला अंकच शिकायला जायचंय.

बरं, धर्म बाजूला ठेवू. मी जुनी बी.कॉम. आहे, वही काढून हिशेब केला.

अठरा लाख, १० टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता येतो जवळजवळ २३,८०० रुपये. तो मुलगा आज नोकरीला आहे, चांगला पगार आहे, तरी अर्धा हप्ता अजून बापच भरतो. आता मुलीचे सात लाख त्याच १० टक्क्यांनी, सात वर्षांत फेडायचे धरले तर हप्ता ११,६०० च्या आसपास. शिकत असताना नुसतं व्याज भरत गेलं तर पहिल्या वर्षी महिना तीन हजारांच्या आत, दुसऱ्या वर्षी सहा हजारांच्या आत. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला हमी योजनेखाली तारण लागत नाही, म्हणजे प्लॉटचा कागद कपाटातून बाहेर काढायचीही गरज नाही. जुन्या करपद्धतीत राहिलात तर त्या व्याजाची आठ वर्षं वजावट मिळते. नव्या पद्धतीत मिळत नाही, हे आधीच बघून ठेवा.

मग ती "पूर्ण" शिष्यवृत्ती. पत्राचं पहिलं पान सगळ्यांनी वाचलं, फ्रेम करायचंच बाकी आहे. मी तिसरं पान वाचलं. माफ आहे ती फक्त शिकवणी फी. परीक्षा शुल्क, प्रयोगशाळा, विकास निधी वेगळे. प्रत्येक सत्रात साडेआठच्या वर सीजीपीए हवा. एका सत्रात घसरला की पुढच्या वर्षाची फी भरायची, दोन लाख वीस हजार. आणि मध्येच सोडलं तर माफ केलेली फी परत. माझ्या भाषेत याला अटींसह सूट म्हणतात. शिवाय तिथला अभ्यासक्रम नुकताच सुरू झालेला आहे, संख्याशास्त्राचे कायमचे प्राध्यापक किती हे विचारलं तर कार्यालयातून उत्तर आलं नाही.

शिष्यवृत्तीला मी नावं ठेवत नाही, गैरसमज नको. ज्ञानदान हे आपल्या चार दानांतलं एक. १८९९ मध्ये आपली सभा स्थापन झाली आणि पुढे बोर्डिंगं निघाली म्हणून आपले आजे-पणजे खेड्यातून येऊन शिकले. ते घेण्यात कुणाचीही मान खाली जात नाही, मुलाची तर मुळीच नाही. त्या मुलानं तेव्हा शिष्यवृत्ती घ्यायला हवी होती असं माझं मत आहे. त्याची संस्था आणि ही संस्था यांत अठरा लाखांचा फरक मला आजही दिसत नाही. पण तेव्हा काकूला कोण विचारतो? दोन्ही जागी शिकवणं सारखं असेल तर डोळे झाकून शिष्यवृत्ती घ्या. इथं सारखं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि कर्ज म्हटलं की घाबरणाऱ्यांसाठी एक माहिती. आपला समाज २०१४ पासून केंद्राच्या अल्पसंख्याक यादीत आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे, त्याच्या वरच्या उत्पन्नगटात मुलांना ८ टक्के आणि मुलींना ५ टक्के व्याज आहे. आमचं उत्पन्न त्यात बसत नाही, पण तुमच्यातल्या कितीतरी जणींचं बसेल. सरकारनं मुलीचं कर्ज स्वस्त केलं, आपण मात्र ते काढायलाच नको म्हणतो.

मग निघतो जेवणाचा मुद्दा. "वसतिगृहात कांदा-लसूण, रात्रीचं जेवण. मुलीचा धर्म राहणार कसा?" भाऊ दोन वर्षं वसतिगृहात होता. मेसमध्ये तो काय खात होता, किती वाजता खात होता, कुणी विचारलं? दशलक्षणात त्याची परीक्षा होती, तेव्हा "शिकतोय, चालायचंच" म्हणून सोडून दिलं. ही पोरगी दहावीपासून सूर्यास्ताआधी जेवते. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भडंगाचा डबा घेऊन ती पुण्यात तिच्या भावापेक्षा नीट धर्म पाळेल.

खर्च नको म्हणणाऱ्या याच घरात तिच्या लग्नासाठी वीस तोळे घेऊन ठेवले आहेत. आजचा भाव बघा आणि सात लाखांना किती तोळे लागतात तो भागाकार स्वतः करा. कुंभोजच्या भाऊराव पाटलांचा आपल्याला अभिमान आहे, त्यांच्या नावाच्या कार्यक्रमाला आपण नटून जातो. त्यांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ती पोरं दुसऱ्यांची होती. आपल्याला स्वतःच्या पोरीसाठी दोन पाटल्या मोडवत नाहीत, कारण सोनं तिच्यासोबत सासरी दिसतं, पदवी दिसत नाही.

हे सगळं मी पुतण्याला फोनवर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, तुमच्या लेकीच्या वेळी तुम्ही काय केलंत?"

२००३ साली माझ्या लेकीला पुण्याला जायचं होतं. इथल्या कॉलेजनं फी माफ केली होती. मीच तिला म्हटलं, फुकट मिळतंय ते सोडू नये, तुझ्या दादाचंही शिक्षण आहे. ती काही बोलली नाही. इथं शिकली, चांगली नोकरी करते, सुखात आहे. मध्यंतरी तिच्या मुलीच्या शाळेचा विषय निघाला तेव्हा सहज म्हणाली, "आई, मी किती मार्क पाडले असते तर तुम्ही मला पाठवलं असतं?" मी भाजी निवडत होते, निवडत राहिले. पुतण्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक झाली, एवढंच म्हणाले.

मग मी पोरीलाच फोन दे म्हटलं. तिला विचारलं, कर्ज तुझ्या नावावर निघेल, सात वर्षं हप्ता तुझ्या पगारातून जाईल, चालेल का? ती म्हणाली, "आजी, मी कधीच हिशेब करून ठेवलाय. बाबांनी बघितलाच नाही." तिनं पाठवलेला कागद माझ्या वहीशी ताडून पाहिला. माझ्या हिशेबात पहिल्या वर्षाची वसतिगृहाची अनामत राहिली होती, ती तिनं धरली होती.

फी भरायची मुदत २२ तारखेपर्यंत आहे. सोमवारी पुतण्या, ती आणि मी बँकेत जाणार आहोत. पुतण्या अजून हो म्हणालेला नाही, पण यायला तयार झालाय. शिष्यवृत्तीच्या पत्राचं तिसरं पान मी पिशवीत घातलंय.