सुई घेतली म्हणजे उद्या ड्यूटीला फिट, हे कुणी सांगितलं?

भावांनो, हमरिया फ्री झोनमध्ये खांदा धरला, गुडघा सुजला की एकच सल्ला मिळतो: "जा, एक सुई मारून घे आणि उद्या ड्यूटीवर ये." सांगणारा कधी फोरमन असतो, कधी कॅम्प बॉस, कधी आपलाच रूममेट. सवय आपण गावाकडूनच आणलीय. सुई टोचली नाही तर तो डॉक्टर कसला! पण त्यातला "उद्या" खोटा आहे, आणि त्याची किंमत तुम्ही भरता, कंपनी नाही.

सांध्यात देतात ते इंजेक्शन बहुतेक वेळा स्टेरॉइडचं असतं. त्यात बऱ्याचदा बधिर करणारं लिग्नोकेन मिसळतात. पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं ते त्या लिग्नोकेनमुळे, आणि काही तासांत ते उतरतं. स्टेरॉइडचं काम वेगळं. पेशीच्या आत शिरून ते सूज वाढवणारी द्रव्यं तयार होणंच कमी करतं. त्याला साधारण दोन-तीन दिवस लागतात, कधी आठवडाही. काहींचं दुखणं पहिले एक-दोन दिवस उलट वाढतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही बसमध्ये चढता, तेव्हा बधिरपणा गेलेला असतो आणि औषध अजून लागू पडलेलं नसतं. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी खालचे टेकू कुणी काढतं का?

औषध वाईट नाही. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोनची इंजेक्शनं दिली, आणि काही दिवसांत ती चालायला लागली. त्या कामाला 1950 चं नोबेल मिळालं. माझं भांडण औषधाशी नाही, मॅनपॉवर शीट भरण्यासाठी ते वापरणाऱ्यांशी आहे.

कारण दुखणं थांबलं म्हणजे इजा भरली असं नाही. हातोडा, ड्रिल चालवणाऱ्यांचं कोपर बाहेरच्या बाजूने दुखतं, त्याला टेनिस एल्बो म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या 165 रुग्णांवरचा अभ्यास 2013 साली छापून आला. स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 54 टक्क्यांचं दुखणं वर्षभरात परत उलटलं. औषध नसलेली नुसती सुई घेतलेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होतं. वरचेवर सुया घेतल्या तर टेंडन कमजोर होऊन तुटूही शकतं.

"काम अडतं" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर आहे. मी स्वतः सुपरवायझर आहे. एक स्टील फिक्सर आठ दिवस नसला तर मी गँग बदलून काम काढतो. त्याचा तुटलेला खांदा मला बदलून देता येणार नाही.

आणि सुट्टी ही मेहेरबानी नाही. 2021 चा फेडरल कामगार कायदा क्रमांक 33 हा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे, फ्री झोनमध्येही. प्रोबेशन संपल्यावर वर्षाला 90 दिवस आजारपणाची रजा: पहिले 15 दिवस पूर्ण पगार, पुढचे 30 अर्धा, उरलेले 45 बिनपगारी. आजाराची खबर तीन कामाच्या दिवसांत द्यायची आणि डॉक्टरचा दाखला जोडायचा. कामावर इजा झाली तर उपचाराचा खर्च कंपनीचा, पगार सहा महिन्यांपर्यंत पूरा, नंतरचे सहा महिने अर्धा. म्हणूनच साइटवर पडून लागलेलं कार्डावर "जुनं दुखणं" म्हणून लिहू देऊ नका. त्या दोन शब्दांत तुमचा हक्क जातो.

सुई घेण्याआधी औषधाचं नाव विचारा आणि लिहून घ्या. शुगर असेल तर सांगा, ती काही दिवस वाढते. मागची सुई कधी घेतली तेही सांगा. एकाच सांध्यात दोन सुयांमध्ये निदान तीन महिने जाऊ द्यावेत. सुईनंतर ताप आला, सांधा लाल होऊन गरम लागला तर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: "किती दिवस आराम?" हे डॉक्टरला विचारा, आणि उत्तर दाखल्यावर लिहून घ्या. तो आकडा फोरमनने ठरवायचा नसतो.