गणवेशाच्या आतले काम

"मोठेपणी काय होणार?" असे कुणी विचारले की आम्ही कॅडेट एका दमात म्हणतो, "ऑफिसर!" मीही तेच म्हणायचो. पण ऑफिसर दिवसभर काय करतो, हे मला ठाऊक नव्हते.

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात परमवीर चक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. तिथे रामा राघोबा राणे यांचा पुतळा पाहिला आणि त्यांच्याविषयी वाचायला घेतले. राणे बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर जखमी असतानाही त्यांनी सुरुंग काढले, अडथळे हटवले आणि आपल्या रणगाड्यांना वाट करून दिली.

सैनिक म्हणजे बंदूक, एवढेच मला वाटत होते. मग अभियंता दलाची माहिती शोधली. पूल, रस्ते, सुरुंग. सगळीकडे मी टाळत आलेले गणित आणि भौतिकशास्त्र! एनडीएच्या लेखी परीक्षेतही ९०० पैकी ३०० गुण गणिताचे असतात.

म्हणून मित्रांनो, आपल्या आवडत्या क्षेत्रात रोज काय काम करावे लागते, ते आत्ताच शोधा. उत्तर आवडले नाही, तरी ते वेळेवर कळलेले बरे. मी हल्ली संध्याकाळच्या अभ्यासाला बसलो की आधी भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडतो.