शेवटच्या प्रश्नाला ‘नाही सर’ म्हणू नका!

नोकरीच्या मुलाखतीत सगळे प्रश्न विचारून झाले की समोरचे साहेब कागद आवरता आवरता म्हणतात, ‘‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’’ वसतिगृहात राहून शिकलेला, घरातला पहिला पदवीधर असलेला आपला तरुण यावर बहुतेक वेळा एकच उत्तर देतो, ‘‘नाही सर, थँक्यू सर.’’ आणि फाईल छातीशी धरून बाहेर पडतो. याला कुणी नम्रपणा म्हणेल. आम्ही म्हणत नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्याच्या अंगात मुरलेली ही सवय आहे. ती मोडल्याशिवाय आपली पदवी पूर्ण कामाला येणार नाही.

हा विषय आज का? केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’च्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. लेखी परीक्षेत मिळवलेले गुण तोंडी परीक्षेत कापण्याची सोय त्यामुळे कमी झाली, हे चांगलेच झाले. पण सरकारी जागा आटत चालल्या, ठेकेदारी वाढली आणि आपली मुले खासगी कंपन्यांच्या दारात उभी राहिली. तिथे आरक्षण नाही. तिथे सारा निकाल मुलाखतीवर. वरच्या सरकारी पदांनाही मुलाखत आहेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे, म्हणजे सुमारे साडेतेरा टक्के. एवढ्या गुणांत कितीतरी आयुष्ये इकडची तिकडे होतात.

मुलाखत घेणारा कोरा कागद नसतो. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावांचा ठेवला. २००७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशच निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की, जात मानत नाही असे सांगणारे हेच अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारतात. जात दारातून गेली आणि खिडकीतून आत आली!

मग कुणी म्हणेल, पक्षपात एवढा असेल तर मुलाच्या दोन वाक्यांनी काय होणार? खासगी क्षेत्रातील आरक्षणाची लढाई रस्त्यावर आणि संसदेत लढावीच लागेल, त्यात आम्ही मागे हटणार नाही. पण तो कायदा होईपर्यंत सोमवारी सकाळी ज्याला मुलाखतीला जायचे आहे, त्याने काय करावे? मुलाखतीत बाकी सगळा विषय समोरचा ठरवतो. शेवटची दोन मिनिटे तेवढी उमेदवाराच्या हातात असतात. ती फुकट का घालवायची?

तेव्हा तरुणांनो, पहिली गोष्ट, कामाबद्दल विचारा. ‘‘या पदावर येणाऱ्याने पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवावे अशी आपली अपेक्षा आहे?’’ साहेब जे सांगतील ते नीट ऐका आणि त्याला धरूनच बोला : ‘‘यातले हिशेबाचे काम मी दोन वर्षे केले आहे, बाकीचे शिकायची माझी तयारी आहे.’’ जे केले तेच सांगा. आपली गरज, घरची गरिबी सांगून दया मागू नका. दयेने नोकरी मिळत नाही, मिळाली तरी टिकत नाही.

दुसरी गोष्ट, आधीचे एखादे उत्तर अर्धवट राहिले असेल तर तेव्हाच पुरे करा. ‘‘मघाच्या प्रश्नात एक मुद्दा राहिला, तो सांगू का?’’ असे विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट, नेमणूकपत्र कंपनीचे असेल की ठेकेदाराचे, भविष्य निर्वाह निधी कापला जाईल का आणि निकाल कधी कळेल, हे विचारायला लाजू नका. कामाचे बोलणे झाल्यावर हे विचारावे, त्याआधी नाही. या प्रश्नांना टाळाटाळ झाली तर तीही एक माहितीच समजा.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. उठता उठता विचारले जाते, ‘‘वडील काय करतात?’’ इथे आपली मुले अडखळतात. का अडखळावे? ‘‘वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत. त्यांच्या पगारावर आम्ही तिघे भावंडे पदवीपर्यंत शिकलो.’’ एवढे बोला आणि थांबा. लाज वाटायचीच तर ती माणसाकडून तसले काम करून घेणाऱ्या व्यवस्थेला वाटावी. मुलींना लग्नाचे विचारतात. तिथेही थोडक्यात सांगून बोलणे पुन्हा कामावर आणा.

आयोगाच्या मंडळापुढची रीत मात्र वेगळी. तिथे मुलाखत संपल्याचे अध्यक्ष सांगतात. आपण होऊन प्रश्न काढू नयेत. सर्वांना नमस्कार करून, न घाईगडबड करता, ताठ मानेने बाहेर यावे. शेवटचे उत्तर येत नसेल तर ‘‘माहीत नाही’’ हे सरळ सांगावे. थापेपेक्षा ते शोभते.

ताठ मानेने कसे बोलावे, हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे आणि १९२८ साली पुण्यात सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. समोर साक्षात सत्ता बसलेली होती, प्रश्नांमागून प्रश्न येत होते. बाबासाहेबांनी लेखी निवेदन पुढे ठेवले, अभ्यासाच्या बळावर उत्तरे दिली आणि आपल्या माणसांचा हक्क मागितला. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्याने साध्या कंपनीच्या मॅनेजरपुढे गप्प बसावे काय?

हे धाडस एका दिवसात येत नाही, त्याला सराव लागतो. तो सराव समाजाने द्यायचा आहे. पुण्याच्या बार्टीसारख्या संस्था स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देतात, पण वस्तीतला प्रत्येक मुलगा तिथवर पोहोचत नाही. बुद्धविहार मात्र वस्तीतच आहे. रविवारी वंदना झाल्यावर तिथे एक टेबल आणि चार खुर्च्या मांडायला कितीसा खर्च येतो? जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या पैशात वर्षभराचा चहा निघेल. बँकेतले, आयुर्विम्यातले, रेल्वेतले, मंत्रालयातले आपले निवृत्त अधिकारी त्या खुर्च्यांवर बसोत. आरक्षणाच्या शिडीने वर गेलेल्यांनी समाजाचे देणे फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही. त्यांनी मुलामुलींना कडक प्रश्न विचारावेत आणि अखेरीस न चुकता म्हणावे, ‘‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’’

जोवर ‘नाही सर’ हे उत्तर येते, तोवर पुढच्या रविवारी पुन्हा बोलवावे.