हेडफोन : पोहण्याचा की कान झाकणारा?



माझा पुतण्या सकाळी विहिरीत पोहतो, रात्री बारावीचा अभ्यास करतो. हेडफोन एकच घ्यायचा. कोणता घेऊ, असे त्याने विचारले. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर वाचावा तसा मी दोन्ही डब्यांवरचा वाचला.

पोहण्याच्या हेडफोनवर ‘आयपीएक्स ८’ असे हवे. तो एक मीटरपेक्षा खोल पाण्यातही चालतो. किती खोल, किती वेळ, ते कंपनी लिहिते. पण खरी मेख पुढेच आहे. ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेते. मोबाइल काठावर ठेवून बुडी मारली की गाणे बंद! म्हणून गाणी हेडफोनमध्येच साठवता आली पाहिजेत. दुकानदार हे आपण होऊन सांगेलच असे नाही.

कान झाकणारा भारी हेडफोन पंख्याची, इंजिनाची एकसुरी घरघर बरीच कमी करतो. अभ्यासाला उत्तम. पाण्याचे त्याला वावडे. तो घालून ट्रॅक्टरवर मात्र बसू नये. मागची हाक ऐकू येत नाही.

आणि विहिरीत तर कोणताच नको. काठावरून ‘दोर धर’ म्हणून ओरडलेले ऐकू यायला हवे. पुतण्याला कान झाकणाराच घ्यायला सांगितला. पोरगे जरा रुसले आहे.