गल्ला आणि नोट

गेल्या वर्षी आपल्या वक्तृत्व स्पर्धेत मी मोठ्या तावातावाने सांगितले होते, "गुन्हेगाराला बेड्या घालण्याआधी त्याच्या पैशाला कुलूप लावा!" टाळ्या पडल्या, उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले. यंदा ऐन दिवाळीच्या तोंडावर तेच कुलूप माझ्या मामांच्या खात्याला लागले.

मामांचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. कुणा गिऱ्हाइकाने मोबाइलवरून साडेआठशे रुपये भरून सामान नेले. ते पैसे म्हणे कुठल्याशा फसवणुकीतून फिरत फिरत आलेले! परराज्यातील पोलिसांचे पत्र बँकेत आले आणि मामांचे सबंध खाते गोठले. ठोक व्यापाऱ्याचा चेक परत गेला. बँकेत एकच उत्तर, "आमच्या हातात काही नाही." मामा हताशपणे म्हणाले, "अरे, गल्ल्यात एखादी नोट खोटी निघाली तर ती नोट जाते. गल्ला कुणी उचलून नेत नाही!"

या वाक्याने मला कायदा वाचायला लावला. बँकेतील खाते हीदेखील 'मालमत्ता'च होय आणि तपासात पोलीस ते गोठवू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १०७ नुसार पोलिसांनी अधीक्षकांची किंवा आयुक्तांची मंजुरी घेऊन न्यायालयात अर्ज करावयाचा. न्यायालय खातेदाराला नोटीस देऊन १४ दिवसांत म्हणणे मांडायला सांगू शकते. पैसा गुन्ह्याचाच ठरला, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत ६० दिवसांत तो फसवल्या गेलेल्यांना वाटून देण्याची सोयही त्यात आहे.

कुणी म्हणेल, नोटीस देत बसलो तर चोर पैसे काढून पसार होईल! खरे आहे. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंची आयुष्यभराची पुंजी एका दुपारीत पाच-सहा खात्यांतून पळाली. त्यांच्यासाठी कुणीतरी तत्काळ कुलूप लावायला हवे होते. म्हणूनच नोटिशीने हेतूच फसणार असेल, तर आधी अंतरिम आदेश काढण्याची मुभा कायद्याने न्यायालयाला दिली आहे. घाईला माझा विरोध नाही. घाईत लावलेले कुलूप कुणी पुन्हा पाहायचेच नाही, याला आहे.

खाते गोठवणे ही शिक्षा नव्हे. निकाल लागेपर्यंत पैसा जागच्या जागी ठेवण्याची ती तजवीज आहे. मग साडेआठशेचा संशय असेल तर साडेआठशेच अडवा. खातेदाराला कारण लेखी कळवा. त्याचे म्हणणे न्यायाधीशाने लवकर ऐकावे. एवढे झाले नाही, तर चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचाच हा प्रकार! मामांना ना नोटीस आली, ना न्यायालयाचे दर्शन घडले. सात आठवड्यांनी खाते उघडले, तेही कसे उघडले हे त्यांना कुणी सांगितले नाही.

मित्रहो, माझे गेल्या वर्षीचे वाक्य मी मागे घेत नाही. त्याला एक पुस्ती तेवढी जोडतो: कुलूप जरूर लावा, पण ते नोटेला लावा, गल्ल्याला नको, आणि किल्ली न्यायालयाच्या टेबलावर, सर्वांना दिसेल अशी ठेवा.

(तृतीय वर्ष, कला)